दिलेली सभा

तंजावरकडच्या आम्हा मराठी घरांत थोर माणसांची एक यादी तोंडपाठ असते. तिच्यात दिवाण फार. सर टी. माधवरावांपाशी कुणी अडखळत नाही. मी अडखळते ती व्ही. पी. माधवरावांपाशी.

त्यांचा जन्म १८५० सालचा, कुंभकोणमचा. १९०४ मध्ये ते त्रावणकोरचे दिवाण झाले आणि त्याच वर्षी तिथे श्रीमूलम प्रजासभा भरली. पुढे म्हैसूरची दिवाणगिरी आली; १९०७ मध्ये तिथे कायदे कौन्सिल सुरू झाले. रयतेला बोलायला जागा देणारा माणूस, असे घरात सांगतात. पण १९०८ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, म्हैसुरात वृत्तपत्रांचा कायदा आला. सरकारच्या परवानगीशिवाय पत्र काढता येईना. निषेध म्हणून काहींनी आपली पत्रे बंद केली.

सभा देणारा हात छापखान्यावर का पडतो? मला याचा उलगडा कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरमुळे होतो. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याला शहाजीराजपुरम नाव पडले. रामभद्र दीक्षित तिथले, श्रीधर अय्यावाळही तिथलेच. अय्यावाळांच्या विहिरीवर कार्तिगै अमावस्येला आजही लोक स्नानाला येतात. राजाने जमीन दिली, विद्येने घर केले. या दानाचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

पण त्या अभिमानात वाढलेल्या माणसाला बोलण्याचा हक्कही दानच वाटत असावा. सभा सरकार देते, म्हणून ती सोसते. वृत्तपत्र कुणी दिलेले नसते, ते खुपते.

दिवाणगिरी संपल्यावर, १९१९ मध्ये, माधवराव काँग्रेसच्या शिष्टमंडळातून लंडनला गेले. भारतमंत्री एडविन मॉंटेग्यू यांच्या सुधारणांचे विधेयक पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे होते. तिथे माधवरावांनी साक्ष दिली. मॉंटेग्यू त्यांच्या देशात उदार गणले जात. तरी स्वराज्य द्यायचे ते टप्प्याटप्प्याने, आणि टप्पा ठरवणार पार्लमेंट. आता माधवराव मागणाऱ्यांच्या बाजूला उभे होते. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी ही बाजू घेतली, याचे मोल मला दिवाणगिरीहून अधिक वाटते.

यादीतून त्यांचे नाव मी गाळत नाही. मुलांना १९०७ सांगताना १९०८ही सांगते, आणि मग १९१९.