लाईट गेल्यावर

आमच्या ईटमध्ये घरोघर कडबाकुट्टी आली ती दुधामागं. भूम तालुका खव्याचा. भट्ट्या पेटत्या ठेवायच्या तर दावणीला जनावरं पाहिजेत, अन् जनावरांना रोज वैरण. पूर्वी ओंडक्यावर कुऱ्हाडीनं कडबा तोडायचो, आता बटण दाबलं की ढीग पडतो. कुट्टीची पाती मी घरीच धारेला लावतो. गोठ्याच्या पडवीत ग्राइंडर, ड्रिल असा माझा छोटा कारखाना आहे.

सैल बाह्या नकोत, पदर खोचून घ्या, डोळ्याला चष्मा लावा, हे सगळेच सांगतात. खरंच आहे ते. पण यंत्र चालू असतं तेव्हा माणूस आवाजानंच सावध असतो. घात होतो लाईट गेल्यावर.

पलीकडच्या वस्तीवरच्या पोराचं तसंच झालं. ओली मका रोलरमध्ये गुंतली अन् तेवढ्यात लाईट गेली. यंत्र बंदच आहे म्हणून त्यानं हात घातला. बटण चालूच होतं. लाईट आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. गाय अजून त्यालाच बघून पान्हा सोडती, धार काढायला मात्र बायको बसती.

विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो. त्यातली कॉईल लाईट गेली की सुटते, मग हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. (त्यापायीच तर रात्री-अपरात्री विहिरीवर पळावं लागतं.) घरच्या कुट्टीला बहुतेक ठिकाणी नुसतं बटण. ते ठेवलं तिथंच राहतं. ग्राइंडरचं बटणही पुढं सरकवलं की अडकून बसतं. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारी चकती. लाईट येताच ग्राइंडर टेबलावरून उडीच मारतो.

मळणीयंत्रात हात जायचे, म्हणून १९८३ साली केंद्रानं धोकादायक यंत्रांचा कायदा केला. चांगलं केलं. पण आमची लाईट कधी जाईल अन् कधी येईल, हे कुठल्या कायद्यात बसायचं?

मी कुट्टीला स्टार्टर बसवून घेतला. मिस्तरी हसला. "नाना, एवढ्याशा मोटारीला स्टार्टर?"

"बसव तू," म्हनलं.

पाती काढायची, चकती बदलायची तर मात्र स्टार्टरवरही भिस्त नाही. पिन बोर्डातून उपसायची अन् आपल्या डोळ्यांपुढं ठेवायची. दुसऱ्याला 'बंद कर रे' म्हणून ओरडायचं नाही. त्याला वाऱ्यात 'चालू कर' ऐकू येतं. सूनबाई तर लाईट गेली की आधी पिन काढती, मग चहा टाकती.