नोकरी नको सोडू, बैठक बदल!

“बसून तर काम करायचं, त्यात कसलं आलंय दुखणं?” हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! कळशा वाहणारीची पाठ दुखली तर नवल वाटत नाही. पण कॉम्प्युटरसमोर बसणारीची मान धरली, की ते लाड ठरतात.

माझी धाकटी जाऊ इथंच साकीनाक्याला एका ऑफिसात दिवसभर बिलांच्या नोंदी करते. गेल्या पावसाळ्यात तिची मान अवघडली, खांदा भरून आला, रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. घरात सगळ्यांचा एकच सल्ला, “सोड ती नोकरी!”

मला काही तो पटेना. तीनशे वर्षांपूर्वी रामाझिनी या इटालियन वैद्यानं कारकुनांच्या दुखण्याची कारणं लिहून ठेवली आहेत : सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. दौत-टाक गेले, कॉम्प्युटर आला. कारणं तीच राहिली. एकाच स्थितीत ताणून धरलेल्या स्नायूंत रक्त नीट खेळत नाही, म्हणून ते दुखतात. तेव्हा बदलायची ती बैठक!

जाऊबाई फिजिओथेरपिस्टकडे गेल्या. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर लांब हवा. कोपर काटकोनात, मनगट सरळ, कंबरेला टेकू. पाय अधांतरी नकोत. आम्ही घरातला जुना पाटच ऑफिसात पाठवला! दर अर्ध्या तासानं उठायचं, पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं का होईना.

लॅपटॉपची गोष्ट जरा वेगळी. त्याचा पडदा आणि कीबोर्ड जोडलेले, त्यामुळे मान तरी वाकते नाहीतर हात तरी उचलावे लागतात. २०२० च्या टाळेबंदीत पलंगावर बसून काम केलेल्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवावा आणि कीबोर्ड वेगळा जोडावा.

अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, तर मात्र तेल चोळत बसू नका. मनगटातली नस दाबली गेलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. ऑफिसातून आल्यावर तेच मनगट कणीक तिंबतं, कपडे पिळतं. त्याला विश्रांती मिळणार कधी? आमच्याकडे आता कणीक भाऊजी मळतात. सासूबाई आधी कुरकुरल्या, पण पोळ्या मऊ झाल्या तशा गप्प बसल्या.

खुर्ची मागायला जाऊबाई संकोचत होत्या. “ताई, साहेब काय म्हणतील?” शेवटी चौघीजणी मिळून गेल्या आणि उंची कमी-जास्त होणाऱ्या खुर्च्या मिळाल्या. मुंग्या थांबल्या, मानही बरीच हलकी झाली. दर महिन्याचा पगार आजही तिच्या स्वतःच्या हातात येतो.

मैत्रिणींनो, दुखणं अंगावर काढू नका आणि त्यापायी मिळवती नोकरीही सोडू नका. आधी खुर्ची तपासा!