बोरघाटाची वाट आणि यंत्राची नाडी

सह्याद्रीच्या घाटांतून पायीं जाणाऱ्याच्या अंगीं किती बळ आहे, हें घाटच सांगतो. मोटारींतून जाणाऱ्याच्या बाबतींत तो मोटारीचें बळ सांगतो. सपाटीवर वर्षभर मुकाट्यानें चाललेली गाडी आपलीं दुखणीं चढावर बोलून दाखविते, आणि चढावर जीं लपलीं तीं उतारावर उघडकीस येतात. मुंबई-पुण्याच्या लोकांच्या पायाखालचा घाट म्हणजे बोरघाट. पावसाळ्यांतील त्याच्या धबधब्यांचें व धुक्याचें वर्णन वाचकांनीं पुष्कळ ठिकाणीं वाचलें असेल. आज त्याच घाटाकडे थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहूं. यंत्र अडलें म्हणजे घरच्या माणसानें त्याला काय विचारावें, आपला हात कोठपर्यंत चालवावा आणि कोठें आवरावा, हें शिकण्यास याहून चांगली वाट सांपडणें कठीण.

पनवेल सोडून जुन्या रस्त्यानें खोपोलीस आलें, कीं डोंगर एकदम समोर उभा राहतो. येथें नाना फडणवीसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वीं माणसांनीं आणि बैलांनीं विसावा घेऊन पाणी प्यावें, अशीच ही जागा. मोटारवाल्यानेंही येथें पांच मिनिटें थांबावें. इंजिनाजवळच्या पारदर्शक बरणींत पाणी खालच्या खुणेच्या वर आहे कीं नाहीं, हें बाहेरूनच दिसतें. त्यासाठीं झांकणाला हात लावावा लागत नाहीं. नंतर वांकून गाडीखालीं पाहावें. स्वच्छ, बिनवासाचें पाणी ठिबकत असेल, तर तें बहुधा वातानुकूलन यंत्राचें होय; त्याची चिंता नको. ठिबकणारें पाणी हिरवें किंवा तांबूस आणि बोटांना बुळबुळीत असेल, तर तें इंजिन थंड ठेवणारें द्रव्य होय. काळसर चिकट डाग तेलाचा. आणि चाकाच्या आंतल्या बाजूस पातळ, तेलकट ओल दिसली, तर ब्रेकचें द्रव्य गळत असल्याचा संशय धरावा, घाटाचा विचार सोडावा आणि गाडी तेथेंच कारागिराच्या हवालीं करावी. हें सर्व पाहण्यास एकही हत्यार लागत नाहीं. डोळे, नाक आणि बोटें पुरतात.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता दीड हजार फुटांहून अधिक उंची चढतो. चाकांच्या वाहनांना जाण्यासारखा हा रस्ता सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां १८३० सालीं खुला झाला. त्याच काळांतला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्यें पाडण्यांत आला. २००२ सालीं पूर्ण झालेल्या द्रुतगति मार्गाच्या रहदारीला त्याच्या कमानी अपुऱ्या पडत होत्या. जुन्या रस्त्याच्या चढावर शिंग्रोबाचें देऊळ लागतें. घाटाची वाट इंग्रजांना या नांवाच्या धनगरानें दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळाली, अशी दंतकथा आहे. ट्रक-मोटारींचे ड्रायव्हर येथें पैसा वाहून पुढें जातात. कथा खरी असो वा नसो, तिच्यांत एक मर्म आहे. दुर्बिणी आणि नकाशे असलेल्यांना न सांपडलेली वाट धनगराला ठाऊक होती, कारण तो त्या डोंगरांत रोज वावरत होता. यंत्राचेंही तसेंच आहे. आपल्या गाडीचा नेहमींचा आवाज, तिचा वास, तिचा कंप हीं रोज चालविणाऱ्याला जितकीं परिचित असतात तितकीं मोठ्या कारागिरालाही नसतात. ‘कालपर्यंत नव्हतें आणि आज आहे, असें काय?’ या पहिल्या प्रश्नाचें उत्तर घरचाच माणूस देऊं शकतो.

गेल्या वैशाखांत आम्ही हा चढ चढत होतों. गाडी वहिनी चालवीत होत्या. देवळाच्या थोडें पुढें रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी होती. तिच्या पुढच्या भागांतून वाफ निघत होती आणि सावलींत एक आजीबाई व दोन मुलें बसलीं होतीं. एक वृद्ध गृहस्थ हातावर पंचा गुंडाळून रेडिएटरचें झांकण फिरविण्याच्या बेतांत होते. वहिनींनीं गाडी थांबवून लगबगीनें जाऊन त्यांना हांक मारली.

“अहो काका, थांबा! वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडतं का कुणी?”

त्या गृहस्थांचा हात जागच्या जागीं थांबला. सावलींतल्या आजीबाई म्हणाल्या, “मी तेंच म्हणत होतें, पण माझं ऐकतंय कोण!”

वहिनींचा दाखला केवळ विनोदाचा नव्हता. तो शास्त्रशुद्ध होता. स्वयंपाकघरांतील कुकर आणि मोटारीचा रेडिएटर यांचें तत्त्व एकच. पाणी दाबाखालीं ठेवलें, कीं तें १०० अंशांवर उकळत नाहीं. कुकरांत तें सुमारे १२० अंशांपर्यंत तापतें. रेडिएटरच्या झांकणाची स्प्रिंगही जवळजवळ तेवढाच दाब धरून ठेविते. झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो, तापलेल्या पाण्याची क्षणार्धांत वाफ होते आणि उकळतें पाणी उसळून तोंडावर येतें. पंचा तें अडवूं शकत नाहीं. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबणें, हाच पहिला उपचार. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेंही घातक. कांचेच्या गरम पेल्यासारखा धातूही त्यानें तडकूं शकतो.

थांबण्याचा हा वेळ फुकट जात नाहीं. तो निदानाचा वेळ होय. प्रश्न क्रमानें विचारावे, सोपे आधीं. बरणींत पाणी आहे काय? नसेल, तर तें गेलें कोठें? नळ्यांच्या जोडांपाशीं ओल किंवा पांढरट डाग दिसतो काय? पाणी पुरेसें असेल, तर पंखा फिरत होता काय? बहुतेक गाड्यांत तो विजेवर चालतो, आणि त्याचा फ्यूज उडाला तर सपाटीवर वाऱ्यानें भागतें, पण चढावर गाडीचा वेग मंदावतांच इंजिन तापूं लागतें. जुन्या बांधणीच्या गाडींत पट्टा सैल किंवा तुटलेला आहे काय? आणि वरची नळी चटका बसण्याइतकी गरम पण खालची थंड राहिली, तर पाणी फिरत नाहीं. थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्यावा. त्या गृहस्थांच्या गाडींत पंख्याचा फ्यूज उडालेला निघाला. पेटींत त्याच आंकड्याचा जादा फ्यूज होता. तो बसवून गाडी सुरू करून पाहिली. थोड्या वेळानें पंखा फिरूं लागला. पण वहिनींनीं त्यांना बजावलें, कीं फ्यूज उगाच उडत नसतो. लोणावळ्यास पोंचतांच पंखा तपासून घ्यावा. वाटेंत कांटा पुन्हां चढूं लागला तर वातानुकूलन बंद करून गरम हवेचा झोत पूर्ण सोडावा; इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनें बाहेर पडते. बसणाऱ्यांना घाम फुटतो, पण गाडीला सुरक्षित जागा गांठतां येते.

खंडाळ्यास राजमाची पॉइंटवर उभें राहिलें, कीं उल्हास नदीचें खोल खोरें आणि पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. डोंगराच्या कुशींतून आगगाडीचा मार्ग जातो. १८६३ सालीं तो खुला झाला, तेव्हां दर ३७ फुटांस १ फूट असा चढ तिच्या वांट्यास आला. तो बांधतांना रोगराईनें व अपघातांनीं असंख्य मजुरांचे प्राण गेले. वर येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनें जोडतात, हें सर्वांस ठाऊक असतें. उतरणाऱ्या गाड्यांची व्यवस्था मात्र फार थोडे लोक न्याहाळतात. उतारावर ब्रेक निकामी झाले, तर गाडीला मुख्य मार्गावरून बाजूच्या चढत्या रुळावर वळवून थांबवितां यावें, अशा खास वाटा घाटांत काढून ठेवल्या आहेत. ब्रेक चांगला असेल, अशा भरंवशावर त्या इंजिनियरांनीं काम केलें नाहीं. तो दगा देईल असें धरून त्यांनीं डोंगरांत जागा राखून ठेविली.

मोटारीनें उतरणाऱ्यानें हेंच धोरण ठेवावें. ज्या गिअरनें चढ चढला, त्याच गिअरनें उतार उतरावा. म्हणजे गाडीला इंजिनच आवरून धरतें आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. सतत पाय ठेवून ब्रेक तापविला तर करपल्याचा वास येतो. त्याच वेळीं सावध होऊन रुंद जागीं थांबावें आणि चाकें आपोआप निवूं द्यावीं. पायाखालचा ब्रेक मऊ होऊन खोल जाऊं लागला, तर द्रव्य उकळून त्यांत वाफेचे बुडबुडे झाले असावेत. हें द्रव्य हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें लागतें. पेट्रोल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करणारे लोक आहेत. त्यांना हें ठाऊक नसतें, कीं ब्रेकला मिळणारें साहाय्य इंजिन बंद होतांच दोन-तीन दाबांत संपतें, आणि सुकाणूही जड होतें. पुढच्याच वळणावर दरी असते.

उतरून पुन्हां खोपोलीस आलें, कीं डोंगरावरून खालीं आलेले मोठे नळ दिसतात. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी सुमारे ५०० मीटर खालीं आणून टाटांनीं येथें १९१५ सालीं विजेचें केंद्र सुरू केलें आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. तीच वीज आज घरोघर मिक्सर फिरविते व पाणी तापविते. घरांतील यंत्रांनाही घाटावरचेच नियम लागू पडतात. वाटतां वाटतां मिक्सर बंद पडला, तर तो जळाला असें समजूं नये. भार कमी करून त्याला निवूं द्यावें आणि तळाचें लाल बटण दाबावें. अतिभारानें तेंच बाहेर आलेलें असतें. कुकरची वाफ कडेनें जात असेल तर रबरी कडें तपासावें. शिट्टी मुळींच होत नसेल तर आंच बंद करून, तो पूर्ण निवल्यावर, वाफेची नळी तुंबली आहे काय हें पाहावें. ईएलसीबीचा खटका वारंवार पडत असेल, तर सर्व उपकरणांचे प्लग काढून तो वर करावा आणि एकेक उपकरण जोडीत जावें. ज्याच्या जोडणीबरोबर खटका पडेल तो गुन्हेगार. पुष्कळदां तो पाणी तापविणारा गीझर असतो. सर्व प्लग काढूनही खटका पडला, तर दोष भिंतींतल्या तारांत आहे; तेथें आपला हात थांबला पाहिजे.

रेडिएटरचें झांकण, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्यूजची तार आणि पडणारा खटका हीं सर्व एकाच जातीचीं रक्षकें आहेत. तीं काम करतात तेव्हां आपली अडचण होते, म्हणून कोणी फ्यूजमध्यें जाड तार घालतो, कोणी व्हॉल्व्हचें भोंक बुजवितो. असें केल्यानें यंत्र चालूं लागतें खरें, पण दोष तसाच राहून वाढत जातो आणि पुढच्या खेपेस सूचना न देतां प्रकट होतो. ज्या घरांत गाडी व उपकरणें आहेत, त्या घरीं एक लहानशी वही असावी. तींत बरणींत पाणी कधीं घातलें, ब्रेकचें द्रव्य कधीं बदललें, फ्यूज केव्हां उडाला, हें तारखेसह लिहावें. महिन्यांत दोनदां पाणी घालावें लागलें असें वहींत दिसलें, कीं गळतीचा शोध घरींच, सपाटीवर आणि सवडीनें सुरू करतां येतो.