परत आलेले केस

सांगलीत हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबातील थोरल्या सुनेचे केस माहेरापासून नावाजलेले होते. सरळ, दाट आणि कमरेखाली पोचणारे. लग्नानंतर सासूबाईंनी कित्येक वर्षे सणासुदीला स्वतःच्या हाताने तिची वेणी घातली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया पार पडली, केमोथेरपी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर, पदरावर केसच केस दिसू लागले.

केमोथेरपीची पुष्कळ औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात आणि दुर्दैवाने केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असतात. औषधाला आपपरभाव नसतो. डॉक्टरांनी हे आधीच समजावून सांगितले होते. तरीही समजणे आणि सोसणे यांत अंतर राहिलेच.

धीर द्यायला आलेल्यांपैकी काहींनी केशलोचाचा दाखला दिला. साधू-साध्वी केसांचा मोहच ठेवीत नाहीत, मग आपण का दुःख करावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू चांगला होता, पण तिला ते पटले नाही. केशलोच हा स्वेच्छेने, स्वहस्ते केलेला त्याग आहे. तिचे केस तिला न विचारता गेले होते. जे सोडले नाही, त्याच्या त्यागाचे श्रेय घेणे तिला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्यापेक्षा दोन दिवस रडून घेणे तिला अधिक खरे वाटले.

मग टोप आला. मुंबईहून मागविलेला, पूर्वीच्या केसांशी मिळताजुळता. तो घालून ती देवदर्शनाला गेली, दुकानातल्या पूजेला बसली. बाहेर आजाराची वाच्यता झाली नाही आणि त्यामागे कारणही होते. घरात लग्नाची मुलगी होती. आईचा आजार कळला तर स्थळे मागे फिरतील, ही भीती कोणी बोलून दाखविली नाही, पण टोपाची किंमत कोणी विचारली नाही यातच ती दिसत होती.

शेवटच्या मात्रेनंतर महिनाभराने डोक्यावर मऊ लव दिसू लागली. तीनेक महिन्यांत केस बोटभर झाले आणि घरातील सर्वजण चकित झाले. ते कुरळे होते. लहान लहान वेटोळ्यांचे, मधूनच करडे. केमोथेरपीनंतर असे अनेकींच्या बाबतीत होते. केस सरळ वाढणार की वळणार, हे बरेचसे केशमुळाच्या घडणीवर ठरते आणि उपचारांच्या आघातातून सावरताना ती घडण काही काळ बदलू शकते. पुष्कळांचे केस पुढे वर्ष-दीड वर्षात जुन्या वळणावर जातात, काहींचे जात नाहीत.

धाकट्या जावेने सुचविले, "वहिनी, थोडे वाढले की सरळ करून घेऊ, म्हणजे गंगावन लावता येईल." डॉक्टरांनी मात्र निदान सहा महिने तरी रंग आणि सरळ करण्याची रसायने टाळायला सांगितले, कारण टाळूची त्वचा अजून नाजूक होती. ती थांबली आणि त्या थांबण्यात तिची या केसांशी ओळख झाली. कोरडे असताना विंचरले तर ते पिंजारतात. ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने सोडवावे लागतात. पंचाने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती कापडाने टिपलेले त्यांना मानवते. तळव्यावर दोन थेंब खोबरेल पुरते. पूर्वी नहाण्याच्या दिवशी अर्धी सकाळ केसांत जात असे, आता पाच मिनिटे पुरू लागली. एके दिवशी आरशासमोर तिच्या मनात आले, की हा चेहरा आजारी बाईचा नाही.

मुलीने तिला सोनाली बेंद्रे यांची छायाचित्रे दाखविली. 2018 मध्ये कर्करोगावर उपचार घेताना या अभिनेत्रीने केस कापलेले आपले रूप स्वतःहून लोकांपुढे ठेवले होते. ती कौतुकाने पाहून म्हणाली, "त्यांचं धैर्य मोठंच. पण त्यांना उद्या कोणी मुलगी बघायला येणार नव्हतं."

तिच्या घरी मात्र ते येणार होते. कोल्हापूरकडचे, व्यापारीच घराणे. आदल्या रात्री सासूबाईंनी टोप स्वच्छ करून कपाटातून बाहेर काढून ठेवला. तिने तो हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, "आई, ओलसर हळद कोरडी म्हणून द्यायची नाही, हे मामंजींनी या घराला शिकवलं. आजार हा काही माझा दोष नाही. पण लपवला, तर तो दोष होईल. आणि त्याचं ओझं उद्या माझी मुलगी त्यांच्या घरात वागवत राहील." सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी टोप उचलून पुन्हा कपाटात ठेवला.

पाहुणे आले. तिने डोक्यावर पदर घेतला होता, कपाळावर कुरळ्या बटा दिसत होत्या. पाहुण्यांतील एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, तेव्हा तिने आजाराचे नाव, उपचार आणि पुढील तपासण्या, सारे सरळ सांगितले. पोहे झाले, चहा झाला, हसतमुखाने निरोप झाले. त्या स्थळाकडून पुढे निरोप आला नाही. कारण आईचे केस होते की आणखी काही, हे कोणी विचारले नाही. त्या आठवड्यात घरात जरा शांतताच होती. शांतता मोडली ती मुलीनेच. "ज्यांना हे ऐकून घर बदलावंसं वाटलं, त्यांच्या घरी मला जायचंच नव्हतं," एवढेच ती म्हणाली.

आता ते केस मानेपर्यंत आले आहेत. ती ते वाढवीत नाही, बेताचेच ठेवते. पुढेमागे ते पुन्हा सरळ होतील, हे तिला ठाऊक आहे. झाले तर होवोत. आजारात शरीराविषयीचा प्रत्येक निर्णय इतरांनी घेतला होता, कधी डॉक्टरांनी, कधी अहवालांनी, कधी लोकलज्जेने. केस आखूड आणि आहेत तसे ठेवणे, हा त्यानंतरचा तिचा स्वतःचा पहिला निर्णय आहे.

आपल्या नात्यागोत्यात अशी एखादी भगिनी भेटली, तर "वाढतील हो पुन्हा" असे सांत्वन तिला करू नये. त्यात आजचे रूप अपुरे असल्याचा सूर असतो. "छान दिसतात," एवढे म्हणावे, आणि ते मनापासून वाटत असेल तरच म्हणावे. नाहीतर प्रकृती कशी आहे, एवढे विचारले तरी पुरे.