टर्बो सी प्लस प्लस, आता निवृत्त हो

प्रिय टर्बो सी प्लस प्लस,



बोरलँड कंपनीने तुला १९९० मध्ये बाजारात आणलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली, म्हणजे तू आणि आमचं विद्यापीठ एकाच वयाचे. पुढे विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाईंचं नाव मिळालं, अभ्यासक्रम बदलत गेले. पण खान्देशातल्या कितीतरी संगणक प्रयोगशाळांत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासाला आजही तुझाच निळा पडदा उघडतो. त्याविषयी चारचौघांत बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

आधी तुझे उपकार. जुन्यापुराण्या संगणकावरही तू बिनतक्रार चालायचास. प्रोग्रॅम लिहिणं, तपासणं, चालवणं, चुकलेली ओळ दाखवणं, सगळं एकाच ठिकाणी. चपला दाराबाहेर काढायच्या, एका संगणकापुढे तिघांनी दाटीवाटीने बसायचं, शेजारी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ उघडं ठेवायचं. कंट्रोल-एफ ९ दाबून प्रोग्रॅम चालवायचा, ऑल्ट-एफ ५ दाबून उत्तर पाहायचं. भारनियमनाच्या दिवसांत एफ २ दाबायला विसरलं की तासाभराची मेहनत पाण्यात. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला सोळा रंगांत मोटार काढून ती पडद्यावर पळवली, तेव्हा डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया खेळणाऱ्या पोरांना उमगलं की गेम कुणीतरी बसून ओळ न् ओळ लिहिलेला असतो. प्रिन्स ऑफ पर्शिया तर जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळपास एकट्याने घडवला होता. एवढा आत्मविश्वास तू दिलास. खान्देशातून पुण्या-मुंबईला गेलेल्या कितीतरी जणांचा श्रीगणेशा तुझ्यापाशी झाला.

पण आजच्या मुलांना तू काय शिकवतोस? रावेरची एखादी मुलगी घरच्या केळीचा हिशेब मांडायला बसते. २०० क्विंटल माल, १,५०० रुपये भाव. दोन्ही पूर्णांक, गुणाकारही पूर्णांकात ठेवला. उत्तर हवं ३,००,०००. तू सांगतोस उणे २७,६८०. तुझा पूर्णांक सोळा बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे त्याला मोजता येत नाही. तिची रीत बरोबर असते आणि उत्तर चुकतं. कारण समजावून सांगणारे शिक्षक भेटले तर ठीक. नाही तर ‘आपल्याला हे जमणार नाही’ एवढंच तिच्या मनात पक्कं होतं.

अडचण फक्त पूर्णांकाची नाही. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी सी प्लस प्लस भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं. तू त्याआधीचा, त्यामुळे आजची भाषा तुला येत नाही. तुझ्याकडे गिरवलेले व्हॉइड मेन, क्लियरस्क्रीन, कोनियो बाहेर बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. मुलं मुलाखतीला जातात आणि पाठ केलेला प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडतो. त्यांच्या बुद्धीत खोट नसते. त्यांना दिलेलं हत्यार जुनं असतं.

आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तर तू स्वतःहून सुरूही होत नाहीस. तुला डॉसबॉक्समध्ये बसवावं लागतं. हे सॉफ्टवेअर जुने गेम खेळता यावेत म्हणून तयार झालं. जुने गेम जपणं हे मोलाचं काम आहे, मीही ते आवडीने खेळतो. पण जपायची वस्तू वेगळी आणि शिकायची वेगळी.

पर्याय फुकट आहेत. सी शिकवायची तर जुन्या संगणकावर लिनक्स टाकावं, जीसीसी हा कंपायलर वापरावा. एकदा बसवला की इंटरनेटही लागत नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात पायथॉनने करावी. त्यात चलांची नावं देवनागरीत देता येतात. ‘केळी’ बरोबर २००, ‘भाव’ बरोबर १५००, दोन्हींचा गुणाकार प्रिंट करायला सांगितलं की ३,००,००० येतात. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या प्रोग्रॅममध्ये घरचे शब्द वापरता येतात. गेम करायचा असेल तर गोडो इंजिन मोफत आहे, आणि गेम करता करता मुलं जितकं गणित शिकतात तितकं फळ्यावरून क्वचितच शिकतात. मेमरी आतून कशी चालते हे कळायला सी हवीच. ती नंतर शिकवावी, पण आजच्या कंपायलरवर.

अडचणी मलाही दिसतात. जर्नलं छापलेली असतात, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना तुझीच सवय असते, नवं शिकायला शिक्षकांना वेळ मिळत नाही. तरी यातली एकही अडचण पोरांच्या शिक्षणाच्या वर्षांपेक्षा मोठी नाही. अभ्यास मंडळाने एका ओळीत लिहावं : प्रात्यक्षिकं सध्याच्या मानकाप्रमाणेच होतील. शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण द्यावं. आणि विद्यार्थ्यांनो, तोवर थांबू नका. घरी जीसीसी किंवा पायथॉन बसवा आणि प्रत्येक प्रॅक्टिकल त्यावरही करून पाहा.

तुझं काम तू चोख केलंस. पुढचं काम आमचं आहे, आणि ते येत्या सत्रापासूनच सुरू व्हायला हवं.

तुझ्याकडेच पहिली ओळ लिहायला शिकलेला,
जळगावचा एक प्रोग्रॅमर