तिनं सांगावं म्हणून

घोडपदेव, मुंबई

प्रिय वहिनी,


तुमचं पत्र पोचलं. लेक अकरावीला माझ्याकडे येतेय, याचा फार आनंद झाला. ‘मुंबईत जपून कसं राहायचं ते तिला नीट समजावून सांगा,’ असं तुम्ही लिहिलंय. सांगेनच. पण यातलं अर्धं काम तुमच्या घरात व्हायला हवं, म्हणून हे सविस्तर पत्र.

आमच्याकडची जागेची अडचण तुम्हाला ठाऊक आहे. गिरणी कामगारांना टॉवरमध्ये मिळालेली घरंसुद्धा २२५ चौरस फुटांची. पूर्वी चाळीतल्या त्याहून लहान खोलीत आठ-आठ माणसं राहायची. तेव्हाही मोरीला पडदा असायचा आणि बाईमाणूस अंघोळीला गेलं की घरातले पुरुष न सांगता गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मर्यादा पाळायला वेगळी खोली लागत नाही, हे मी तिथेच पाहिलं. त्याच चाळीत दुसरंही पाहिलं. पाहुणे आले की ‘काकांना पापा दे’, ‘मामांच्या मांडीवर बस’. आणि पोरगी मागे सरली की ‘काय गं, शिंगं फुटली का?’ घरात जिचं ‘नको’ कुणी ऐकलं नाही, तिला ते लोकलच्या गर्दीत नाहीतर क्लासात एकदम कसं म्हणता येईल? लेकीला काय किंवा तिच्या धाकट्या भावाला काय, कुणाच्या जवळ जायचं नसेल तर लांबून नमस्कार करू द्या. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

‘परक्या माणसापासून सावध राहा’ एवढं सांगून भागत नाही. पोलिसांकडे नोंद होणाऱ्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलांच्या ओळखीचाच असतो. म्हणून माणूस कोण आहे यापेक्षा तो वागतो कसा, हे ओळखायला शिकवा. रात्री-अपरात्री मेसेज करणारा, फोटो मागणारा, ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ म्हणणारा कुणीही असो, लगेच घरी सांगायचं. आणि मेसेज पुसायचे नाहीत. तोच पुरावा असतो.

आता मुख्य मुद्दा. आमच्या इमारतीतल्या एका मुलीनं दहावीत असताना घरी सांगितलं, की सर वही तपासताना पाठीवरून हात फिरवतात. दुसऱ्या दिवसापासून तिचा क्लास बंद झाला, मोबाइल काढून घेतला, वाण्याकडे जायचं तरी भाऊ सोबत. सरांचा क्लास मात्र चालूच राहिला. तिच्या मैत्रिणींनी हे सगळं पाहिलं. त्यांतली कुणी पुढे तोंड उघडेल का? मुली गप्प राहतात त्या काही कळत नाही म्हणून नव्हे. सांगितलं तर आपलंच शिक्षण सुटेल, हे त्यांना चांगलं कळतं.

कायदा मुलांच्या बाजूनं आहे, वहिनी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यांनाही संरक्षण देतो. जबाब मुलांच्या घरीही घेता येतो. तो शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. वर्तमानपत्रात ओळख उघड करता येत नाही. २०२१च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं होतं, की त्वचेला त्वचा लागली नाही तर पोक्सोखालचा लैंगिक अत्याचार ठरत नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा, असं बजावलं. म्हणजे वाईट हेतूनं कपड्यांवरून केलेला स्पर्शही गुन्हाच. असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा, तेव्हा ‘घरातल्या घरात मिटवू’ असं कुणी म्हणू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर दोघांनाही पाठ करायला लावा.

शाळा शिकवेल म्हणून थांबू नका. र. धों. कर्वे याच मुंबईत १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक शिक्षणावर लिहीत राहिले, त्यापायी खटले सोसले. तरी २००७ साली आपल्याच राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला बंदी झाली. त्यामुळे हे बोलणं घरातच व्हायला हवं.

आणि धाकट्याला वगळू नका. तेरा वर्षांचा आहे. त्याच्याशीही कुणी वाईट वागू शकतं, आणि तेव्हा ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे त्याच्या कानावर पडता कामा नये. मुलीच्या मागे मागे जाणं, तिचा फोटो मित्रांना पाठवणं यात मर्दुमकी नाही, हेही त्याला आत्ताच कळू दे. तिनं नाही म्हटलं की विषय संपला.

लेकीला मी स्टेशन दाखवीन, बायकांच्या डब्यात बसायला शिकवीन, माझा नंबर पाठ करून घेईन. पण तुम्ही आणि दादांनी तिला समोर बसवून एक वचन द्या: ‘काहीही झालं तरी आम्हाला सांग, तुझं कॉलेज सुटणार नाही, आणि तुला परत बोलावून घेणार नाही.’ उद्या वेळ आलीच तर ते पाळा.

तुमची,
वन्सं