हवाल्यांचा काटा आणि भिगवणचा आकडा

‘संधिवाताच्या एखाद्या संशोधकाचं काम किती मोठं, हे सामान्य वाचकाला कळेल असं लिहा,’ अशी संपादकांची मागणी आहे. ‘सामान्य वाचकाला’ या अटीवर माझा फारसा भरवसा नाही, पण प्रयत्न करतो. मोजमाप तर तयारच आहे. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली एच-निर्देशांक मांडला. ३० शोधनिबंधांचा प्रत्येकी निदान ३० वेळा इतरांनी हवाला दिला असेल, तर निर्देशांक ३०. हल्ली निवड समितीपुढे माणसाआधी हा आकडा जाऊन बसतो. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजारात कापूस काट्यावर चढला की वजन कळतं, धाग्याची लांबी कळत नाही. ती वेगळी पाहावी लागते आणि भावात तीही धरतात. आमच्या क्षेत्रात मात्र काट्याचीच पावती अखेरची मानायची पद्धत पडली आहे.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांचं काम या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली १९९६ मध्ये त्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी केली. यंत्रं नव्हे, प्रश्नावली, आणि दुखणाऱ्याची तपासणी. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. ज्याला आम्ही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो तो आजार मात्र सुमारे अर्ध्या टक्क्याला. लोक या सगळ्याला एकाच दमात ‘वात’ म्हणतात, हे माझं जुनं दुखणं आहे. झिजलेला गुडघा, गाऊट आणि ऱ्हुमॅटॉइड हे तीन निराळे आजार आहेत. आयुर्वेदातही संधिगत वात, वातरक्त आणि आमवात असे भेद आहेत. वेगळं ओळखायची सवय आपणच टाकून दिली.

आता हा अर्धा टक्का आर्वीत कुठे कामाला येतो ते पाहा. दुखतंय म्हटलं की ‘आरए फॅक्टर’ची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड ओळखण्यासाठीची रक्ताची, तपासणी लिहिली जाते. भिगवणचं प्रमाण इथे लावलं (लावावं का, हा वाद आहे, पण जवळचं दुसरं काही हाताशी नाही), तर हजार प्रौढांत दुखणारे सुमारे १८२ आणि खरे रुग्ण ५. त्या पाचांपैकी तिघाचौघांचीच तपासणी पॉझिटिव्ह येते. उरलेल्या १७७ जणांत आजार नसूनही पाचेक टक्क्यांची, म्हणजे नऊ जणांची, तपासणी पॉझिटिव्ह येते. वय वाढेल तसे आणखी. म्हणजे हाती पडलेल्या बारा-तेरा पॉझिटिव्ह चिठ्ठ्यांपैकी नऊ चिठ्ठ्या दिशाभूल करणाऱ्या! हा हिशेब भिगवणसारख्या पाहणीशिवाय मांडताच येत नाही. आणि एखाद्या डॉक्टराने तो मांडून त्या नऊ जणांना औषधापासून वाचवलं, तर जगातल्या कुठल्याही निर्देशांकात एकाचीही भर पडत नाही. भर पडते ती कुणी तरी प्रबंधाच्या पहिल्या परिच्छेदात ‘भारतात या आजाराचं प्रमाण ०.५ ते ०.७५ टक्के’ असं लिहिलं की. ते ०.७५ डॉ. मालवीय यांच्या १९९३ च्या उत्तरेतल्या पाहणीचं. दोन्ही मूळ निबंध न वाचता हे वाक्य लिहिता येतं, आणि लिहिलं जातं.

शिवाय हवाला स्तुतीचा की टीकेचा, हेही काट्याला कळत नाही. चोप्रा यांनीच २००० साली ऱ्हुमॅटॉइडवरच्या एका आयुर्वेदिक औषधाची १८२ रुग्णांवर दुहेरी-अंध चाचणी छापली. बनावट गोळीच्या गटातही बराच फरक पडला, हे त्यांनी दडवलं नाही. आयुर्वेदाचा कैवारी तिचा हवाला देईल, संशयी माणूसही देईल. मोजणीत दोघांची किंमत सारखीच.

यावर आक्षेप येतो, आणि तो मला टाळता येत नाही: आकडे काढून टाकले तर उरेल काय? ओळख, गट, मुंबई-पुण्याचा दबदबा. वर्ध्याच्या कोपऱ्यात बसून काम करणाऱ्याला निदान आकडा तरी आधार देतो. खरं आहे. म्हणून आकडा फेका असं मी म्हणत नाही. पण आमच्या विषयात सर्वाधिक हवाले मिळतात ते आजाराच्या व्याख्या ठरवणाऱ्या निबंधांना, कारण त्यांच्याशिवाय पुढचा निबंध सुरूच होत नाही. १९८७ आणि २०१० चे ऱ्हुमॅटॉइडचे निकष पाहा. त्यांच्याशेजारी गावपाहणी ठेवली की ती बारीक दिसणारच. तुलना पाहणीची पाहणीशी व्हावी, आणि हवाले मोजणाऱ्याने त्यातले निदान दहा उघडून वाचावेत. याला वेळ लागतो, हा दुसरा आक्षेप. लागतो. भिगवणलाही दारोदार जायला लागलाच होता.